दारावरची तिसरी रेघ

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नाव, गाव आणि ओळख पटेल असा तपशील वगळून):

"माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. नदीकाठच्या आमच्या जुन्या दुमजली घरात ते एकटे राहतात. आई तीन वर्षांपूर्वी गेली. गेल्या नऊ वर्षांत घरात तीनदा पुराचं पाणी शिरलं. त्याआधीच्या चाळीस वर्षांत एकदाही नाही. तिसऱ्या वेळी बाबा दीड दिवस वरच्या मजल्यावर अडकून होते. मी दूरच्या शहरात असते. 'माझ्याकडे या' म्हटलं की म्हणतात, 'तुझ्या घरी पाहुणा होऊन राहायचं नाही मला.' धाकटा भाऊ म्हणतो, रंग काढून घर विकून टाकू, गिऱ्हाईक आलंय. तान्हं मूल असलेलं तरुण जोडपं आहे. त्यांनी पुराबद्दल विचारलेलं नाही, मग आपण कशाला सांगायचं, असं त्याचं मत. बाबांचं म्हणणं, बांध उंच होणार आहे, शिवाय असा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो आणि तो येऊन गेला. मला मात्र रात्री पावसाचा आवाज आला की झोप लागत नाही. बाबांना ओढून आणू का? घर विकलं तर त्या जोडप्याला सांगायचं का? आणि सगळं जगच तापत चाललंय, तर एक घर हलवून असं काय साधणार आहे?"

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात, जाता जाता लिहिलंय. आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर बाबा लहानपणी तुम्हा भावंडांची उंची पेन्सिलीने मांडून ठेवायचे. त्याच चौकटीवर आता ते पुराच्या पाण्याची रेघ मारतात, तारखेसकट. पहिली रेघ त्यांच्या गुडघ्याशी. दुसरी, तुम्ही पाच वर्षांच्या होतात तेव्हाच्या खुणेपाशी. तिसरी तुमच्या नवव्या वाढदिवसाच्या खुणेच्या चार बोटं वर. आणि भाऊ रंगाची सुरुवात त्या चौकटीपासून करायची म्हणतोय.

खरं सांगते, पहिल्या वाचनात मी भावाच्याच बाजूची होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा एकटा माणूस, तीन पूर, यात विचार कसला करायचा? उचला आणि आणा. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्या कंसापाशी अडखळले. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायच्या आधी जो माणूस पेन्सिल शोधतो, त्याला धोका कळत नाही असं कसं म्हणायचं? तुमच्या घरात पुराची मोजदाद ठेवणारे तेवढे एकच आहेत. तुम्ही काळजी करता, भाऊ व्यवहार बघतो, मोजतात बाबा.

दुसरी गोष्ट. 'घर सोडणार नाही' हे वाक्य पत्रात तीनदा आलंय आणि तिन्ही वेळा ते तुमचं आहे. त्यांच्या तोंडचं वाक्य वेगळं आहे: पाहुणा होऊन राहायचं नाही. आपण त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले, नदी किंवा लेकीचा फ्लॅट, आणि त्यांनी नदी निवडली. त्यांच्या वयाला, त्यांच्या जागी, मीही बहुधा तेच केलं असतं. तेव्हा 'बाबा हट्टी आहेत' हे गृहीतक थोडे दिवस बाजूला ठेवू या.

त्यांच्या दोन समजुती मात्र खोडायला हव्यात, आणि त्या मोजमापाच्या भाषेत खोडल्या तर त्यांना पटतील असं वाटतं.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दप्रयोग फार फसवा आहे. त्याचा खरा अर्थ, दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक. यंदा येऊन गेला म्हणून पुढची ९९ वर्षं सुटी मिळत नाही. फाशाला मागचं दान आठवत नाही. अशा जागी तीस वर्षं राहिलं तर त्या काळात निदान एकदा तो पूर अनुभवण्याची शक्यता साधारण २६ टक्के भरते. आणि हा हिशेबही जुन्या नोंदींवर बेतलेला. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते, आणि ते बाष्प एकदम खाली येतं तेव्हा पाऊस धो धो कोसळतो. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान उद्योगपूर्व काळापेक्षा सुमारे १.१ अंशाने जास्त होतं. पुढे २०२४ हे दीड अंशाची रेषा ओलांडणारं नोंदीतलं पहिलं वर्ष ठरलं. एकेका पुराचं खापर हवेवर फोडून मोकळं होता येत नाही. वरच्या अंगाला झालेली बांधकामं, बुजवलेले ओढे, धरणातून पाणी सोडायची वेळ हेही त्यात असतं. पण ज्या चाळीस कोरड्या वर्षांच्या भरवशावर बाबा बोलतात, त्या वर्षांची हवा आता राहिलेली नाही.

दुसरी समजूत बांधाची. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पूरग्रस्त वस्त्यांमधून येणाऱ्या बहुतेक पत्रांत हा बांध असतोच.

बांध नेहमीचे पूर अडवतो, यात वाद नाही. पण बांध आला की त्याच्या मागे माणसं निर्धास्त होतात, नवी घरं उठतात, आणि मग एखाद्या वर्षी पाणी बांधावरून आलं की आधीपेक्षा जास्त नुकसान होतं. गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने १९४०च्या दशकातच हा धोका दाखवून दिला होता. त्यात आणखी एक मेख आहे. बांध नदीला बाहेर ठेवतो, तसाच आत पडलेल्या पावसाला आतच कोंडतो. ते पाणी उपसायचे पंप पुराच्या रात्री चालतात का, हा खरा प्रश्न. बाबांना बांधाविरुद्ध भाषण देऊ नका. त्यांना घेऊन संबंधित कार्यालयात जा आणि विचारा: हा बांध किती पाण्यासाठी आखलाय? त्यासाठी कोणत्या वर्षांपर्यंतच्या नोंदी धरल्या आहेत? आतलं पाणी कुठून बाहेर पडणार? डागडुजी कोण करणार? सरळ उत्तरं मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर चौकटीवर रेघा मारणाऱ्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

पाण्याशी भिंतीने लढायचं म्हटलं तर नेदरलँड्सइतका अनुभव क्वचितच कुणाला असेल. १९५३च्या फेब्रुवारीत समुद्राचे बांध फुटून तिथे १,८३६ माणसं गेली आणि त्यानंतर त्यांनी काही दशकं खर्चून प्रचंड अडथळे उभे केले. त्याच देशात १९९५ साली नद्या इतक्या फुगल्या की सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं, आणि तेव्हा विचाराने वळण घेतलं: बांध किती उंच करत बसणार, नदीलाच थोडी जागा देऊ. ओव्हरडीपसे पोल्डर नावाच्या सखल भागातल्या शेतकऱ्यांना कळलं की आपली जमीन पुराला वाट द्यायला लागणार. ते नकाशा बनून येईपर्यंत थांबले नाहीत. त्यांनीच आराखडा मांडला: नदीकडचा बांध कमी करा, मोठ्या पुरात शेतात पाणी येऊ द्या, घरं-गोठे मातीचे उंच ओटे घालून त्यांवर बांधू. तसंच झालं. पण ओट्यांवर सगळ्यांना जागा नव्हती. निम्म्याच्या आसपास कुटुंबांना दुसरीकडे जावं लागलं. ही गोष्ट सांगताना हा शेवटचा भाग अनेकदा गाळला जातो, म्हणून मुद्दाम लिहिला.

तर मग जायचंच असेल तर किती लांब? तुम्ही बाबांना शेकडो किलोमीटर दूर आणायचं म्हणताय. ज्या वस्त्या पाण्यापासून हलल्या त्यांतल्या कित्येक फार थोडं अंतर हलल्या. फिजीमधलं वुनिदोगोलोआ हे गाव समुद्र आत येऊ लागल्यावर २०१४ मध्ये साधारण दोन किलोमीटर आत, चढावर गेलं. अमेरिकेत १९९३च्या मिसिसिपीच्या पुरानंतर इलिनॉयमधलं व्हॅलमायर हे गाव जवळच्याच उंच कड्यावर नव्याने वसवलं गेलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या ग्रँथममध्ये जानेवारी २०११ च्या पुराने जीव गेले, तेव्हा स्थानिक परिषदेने वरची जमीन घेऊन लोकांना 'खालचा प्लॉट द्या, वरचा घ्या' अशी अदलाबदल करू दिली. पहिली कुटुंबं वर्षाच्या आत नव्या जागी राहायला आली. उलट उदाहरण अलास्कातल्या न्यूटॉकचं. पायाखालची गोठलेली जमीन वितळून नदी गाव खात होती. हलायचं हे नव्वदच्या दशकातच ठरलं, पण पहिली कुटुंबं नव्या जागी पोचायला २०१९ उजाडलं. उशीर का, तर पैसा कुणी द्यायचा हेच ठरेना.

यातून तुमच्यापुरतं मी एवढंच घेईन की 'नदी की लेक' यांच्या मध्ये 'चढावरची गल्ली' असते. त्याच गावात, बाबांचे ओळखीचे चेहरे, डॉक्टर, सकाळची फेरी तशीच ठेवून, उंचावर दोन खोल्या भाड्याने मिळतात का बघा. पावसाचे महिने मुक्काम तिथे, दिवसा हवं तर नदीकाठच्या घरी. घर जात नाही, रात्र तेवढी हलते. आणि भाडेकरार बाबांच्या नावावर करा, तुमच्या नाही. पाहुणेपणाचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो.

हे ठरेपर्यंत मधल्या काळाचं काय? एका कोरड्या दिवशी, आभाळ निरभ्र असताना, एक कागद करायचा. नदीवरच्या पुलापाशी पाणीपातळीची पट्टी असेल किंवा जलखात्याकडून रोजचा आकडा मिळत असेल. तो अमुक झाला की बाबा निघणार. आकडा त्यांनीच ठरवायचा, पण तो असा हवा की रस्त्यावर पाणी यायच्या आधी निघता येईल. कुणाच्या गाडीतून, कुणाच्या घरी, हे नावासकट लिहायचं. त्या दिवशी फोनवर वाद नाही. 'अजून तासभर बघू' हे वाक्य फार जीवघेणं आहे. वाहतं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी धडधाकट माणसाचे पाय सुटू शकतात, ३० सेंटीमीटरमध्ये छोटी गाडी तरंगायला लागते. औषधांचा पंधरवड्याचा साठा आणि कागदपत्रं वरच्या मजल्यावर, आणि निघताना मेन स्विच बंद. एकदा रंगीत तालीम करा, हसू आलं तरी.

तुम्ही लिहिलंय की गेल्या खेपेला बाबांनी दारात फळ्या लावून, वाळूच्या पिशव्या रचून काही वेळ पाणी अडवून धरलं आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. हे मात्र त्यांना थांबवायला सांगा. तीन मीटर रुंद भिंतीबाहेर एक मीटर पाणी साचलं आणि आत कोरडं असलं, तर त्या भिंतीवर बाहेरून सुमारे दीड टनाचा रेटा येतो. जुनी भिंत तो सोसेलच असं नाही. पाणी घोटाभर असेल तेव्हा अडवावं; कमरेपर्यंत चढणार अशी चिन्हं असतील तर आत येऊ द्यावं, म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहतो. घर भिजेल, पण उभं राहील. त्यासाठी विजेचे बोर्ड तिसऱ्या रेघेच्या वर घ्या, खालच्या खोलीत लाकडी कपाटं ठेवू नका, आणि सांडपाण्याच्या नळात पाणी उलटं येऊ न देणारी झडप बसवून घ्या. पुष्कळ घरांत पूर दारातून यायच्या आधी मोरीतून वर येतो.

आता त्या तरुण जोडप्याबद्दल. सांगायचं. यात मला दोन बाजू दिसत नाहीत. पुराचा इतिहास खरेदीदाराला सांगणं कायद्याने किती बंधनकारक आहे, हे देशागणिक बदलतं, आणि वकिलाला विचारून घ्या; पण तुम्ही मला कायदा विचारलेला नाही. तुम्हाला झोप लागत नाहीये. घर विकल्यावर ती लागेल असं भावाला वाटतं. मला वाटतं, न सांगता विकलंत तर पुढच्या पावसात तुम्ही पुन्हा जाग्या असाल, फक्त या वेळी त्या खाली झोपलेल्या बाळासाठी.

भावाला खलनायक करू नका. त्याच्या डोक्यातलं गणित साफ चुकीचं नाही: चौथा पूर आला तर घराचं मोल आणखी उतरेल. पण घराच्या किमतीत पूर धरायचा की लपवायचा, हा फरक आहे. सगळं सांगूनही घेणारे असतात: कुणाला जागा गोदामाला हवी असते, कुणाला शेतीला, कुणी घर खांबांवर उचलून बांधायची तयारी ठेवतो. कमी पैसे येतील. तेवढा तोटा तुम्ही तिघांनी सोसायचा, की तो एका तान्ह्या मुलाच्या आईबापांच्या गळ्यात घालायचा, असं भावापुढे मांडून बघा. एवढं स्पष्ट कुणी मांडलं की माणसं सहसा वरमतात.

विकण्याआधी आजूबाजूची दारं ठोठवा. तुमच्या ओळीतली बाकीची घरंही भिजली असणार. एकट्या घरमालकाचा अर्ज फायलीत पडून राहतो. अख्ख्या ओळीने तारखा, रेघांचे फोटो आणि नुकसानीची यादी घेऊन बदली जमीन किंवा सरकारी खरेदी मागितली तर किमान उत्तर द्यावं लागतं. ग्रँथमची माणसं वर गेली ती एकेकटी नाही गेली. शिवाय ऐपत असलेले आधी निघून जातात तेव्हा मागे उरलेल्यांचं काय होतं, हेही ध्यानात घ्या. दुकान बंद पडतं, बस येईनाशी होते, आणि पुराच्या रात्री शेजारी हाक मारायला कुणी उरत नाही. बाबांच्या पलीकडच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बाईंचा तुम्ही ओझरता उल्लेख केलाय. गेल्या वेळी बाबांना खालून हाका मारून उठवलं ते त्यांनीच. त्यांच्याकडे विकायला घरही नाही. तो निघायचा कागद त्यांच्याशिवाय पुरा होत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, एक घर हलवून काय साधणार. हा प्रश्न तुम्ही दमून विचारलाय, म्हणून त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देत नाही. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातल्या वादळाने आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसं मारली. २००७ च्या सिद्र वादळात साधारण साडेतीन हजारांच्या आसपास गेली. दोन्ही वादळं तंतोतंत सारखी नव्हती, आणि साडेतीन हजारही थोडी नव्हेत. पण मधल्या काळात समुद्र शांत झाला नव्हता. सूचना वेळेवर पोचू लागल्या होत्या, कर्णे घेऊन दारोदार फिरणारे स्वयंसेवक तयार झाले होते, उंच पक्के निवारे उभे राहिले होते. घरं तेव्हाही वाहून गेली, माणसं राहिली. तुमचा निघायचा कागद आणि ते कर्णे एकाच जातीचे आहेत.

हो, हेही खरं की निवारे आणि ओटे यांना मर्यादा आहे. कोळसा आणि तेल जाळणं किती लवकर कमी होतं यावर जगभरच्या चौकटींवरच्या पुढच्या रेघा ठरणार आहेत. त्यासाठी मतदान करा, भांडा, कार्यालयांत प्रश्न विचारा. पण त्या लढाईचा निकाल लागेपर्यंत बाबांना खालच्या मजल्यावर झोपू देऊ नका. 'जगच तापतंय' हे कारण पुढे करून आपण कधीकधी घरातलं अवघड बोलणं टाळतो. निदान मी तरी टाळलंय.

घरी जाल तेव्हा पहिल्या दिवशी विक्री, फ्लॅट, भाडं यांतलं काहीच काढू नका. चौकटीपाशी बसा आणि त्यांना त्या तीन रात्रींबद्दल विचारा. तिसऱ्या पुरानंतर तुम्ही फोनवर पहिलं काय बोललात ते तुम्हीच लिहिलंय: 'मी सांगत होते ना!' त्या दीड दिवसात वर बसून त्यांनी काय पाहिलं, कशाची भीती वाटली, हे अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. ते बोलले की मग विचारा, चौथी रेघ कुठवर येईल असं त्यांना वाटतं. माझा अंदाज आहे, त्यांनी तो आकडा कधीच काढून ठेवलाय.

आणि भावाला सांगा, सगळीकडे खुशाल रंग दे, ती चौकट सोड. घर विकायचंच ठरलं तर घर बघायला आलेल्यांना आधी तिथे घेऊन जायचं. घर सुटताना सुताराकडून ती काढून घेता येते, दोन तासांचं काम आहे.